खिशातील यंत्राची दुखणी



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, संतवाङ्मय, शेतीचे अर्थकारण असे भारदस्त विषय घेण्याची आपली प्रथा आहे. त्या पंक्तीत 'स्मार्टफोन' हा विषय आणून बसविला, हे पाहून काहींना हसू येईल. परंतु गेल्या दहा-पंधरा वर्षांत चाकूरच्या मोंढ्यातील हमालापासून वाडीवरच्या अंगणवाडीताईपर्यंत साऱ्यांना ज्या एका वस्तूने हसविले, रडविले आणि खर्चात पाडले, ती वस्तू हीच होय. तेव्हा तिचा विचार करावयास हरकत नसावी.

मी कामगारांच्या संघटनेत काम करणारा माणूस आहे. यंत्रशास्त्र मी कोणत्याही कॉलेजात शिकलेलो नाही. दुरुस्तीवाल्यांच्या टपरीवर उभे राहून, विचारून आणि मिळेल ते वाचून जे कळले, ते आपल्यापुढे ठेवतो. यंत्र का अडते, हे कळल्याखेरीज दोष यंत्राचा की ते चालविणाऱ्याचा, याचा निवाडा होत नाही. आणि गरिबाच्या बाबतीत निवाडा होत नाही तेव्हा दंड गरिबालाच बसतो, असा माझा अनुभव आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. फोन आणि संगणक यांना एका डबीत घालण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. आय. बी. एम. या कंपनीचा 'सायमन' नावाचा फोन १९९४ साली विक्रीस आला. त्याच्या काचेवर बोट टेकवून काम करता येई. पण त्याचे वजन अर्धा किलो होते आणि एकदा वीज भरली की तासभर बोलणे झाले न झाले तोच तो थंड पडे. म्हणजे या जातीच्या यंत्राला बॅटरीचे दुखणे जन्मापासूनच जडलेले आहे. आपल्या देशात साध्या मोबाईलवरचा पहिला संवाद ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसू आणि दिल्लीहून सुखराम यांच्यात झाला. त्या काळी फोन करण्यास पैसे पडत, आणि आलेला फोन घेण्यासही पडत! पुढे २००७ साली ॲपल कंपनीचा आयफोन निघाला. तो ऑगस्ट २००८ मध्ये भारतात आला तेव्हा त्याची किंमत एकतीस हजारांपासून सुरू होत होती. शेतमजुराच्या घरात एवढी रक्कम एकगठ्ठा दिसण्याचा योग लग्नकार्याशिवाय येत नाही. त्याच वर्षी अँड्रॉइड या प्रणालीवर चालणारा पहिला फोन परदेशात निघाला, आणि २०१० नंतर त्याच प्रणालीचे पाच-सात हजारांत मिळणारे फोन आपल्या बाजारात आले. आपल्याकडील पुष्कळांचा पहिला स्मार्टफोन तो हाच. त्याच्याच दुखण्यांचा आज विचार करावयाचा आहे.

पहिले दुखणे बॅटरीचे. बटनांचा जुना फोन एकदा भरला की चार-पाच दिवस खिशात निवांत पडून असे. नवा फोन सकाळी भरावा तर संध्याकाळी विझलेला. लोक म्हणत, "एवढा महाग आणि एवढा खादाड!" त्यात खोटे काही नव्हते. बॅटरीवर छापलेला आकडा तिच्या पोटात किती वीज मावते हे सांगतो. त्या फोनांत तो साधारण बाराशे ते पंधराशे असे. जुन्या फोनचा पडदा लहान आणि अंधुक. नव्याचा पडदा मोठा आणि उजळ. तो उजेड फुकट मिळत नाही.

दुसरे कारण आपल्या भूगोलात आहे. टॉवर जवळ असला म्हणजे फोन त्याच्याशी हलक्या आवाजात बोलतो. टॉवर दूर असला म्हणजे त्याला ओरडावे लागते. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारणाऱ्याचा घसा जसा लवकर बसतो, तशीच दूरच्या टॉवरला साद घालणारी बॅटरी लवकर उतरते. बालाघाटच्या पठारावरील वाड्या-तांड्यांत, जेथे टॉवरचा जीव मुळातच तोळामासा, तेथे फोन खिशात नुसता पडून असतानाही 'कोणी आहे का?' असे विचारीत राहतो आणि विचारता विचारता संपतो. मालक म्हणतो, "मी तर हातही लावला नाही!" त्याचे म्हणणे अक्षरशः खरे असते.

त्याच वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन चालू होते. दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसे. वीज येई ती रात्री-बेरात्री. मग फोन भरावयास पिठाच्या गिरणीत, नाहीतर स्टँडजवळच्या टपरीत ठेवावयाचा आणि परत येऊन पाहावयाचे, तर कोणी तरी आपली तार काढून त्याची लावलेली! शिवाय वीज नसली म्हणजे टॉवरही स्वतःच्या बॅटरीवर येतो, आणि ती उतरली की तोही मुका होतो. भरलेला फोन हातात आहे आणि पलीकडे ऐकावयास कोणी नाही, अशी ती गंमत.

उन्हाळ्याचे तर विचारूच नका. या बॅटरीत लिथियम या धातूचे कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे ये-जा करतात. फोन भरताना एकीकडे, वापरताना दुसरीकडे. उष्णता वाढली म्हणजे आतील रसायने झिजू लागतात, वायू धरतो आणि बॅटरी फुगते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत, मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेला फोन किती तापत असेल याचा हिशेब करा. फुगलेली बॅटरी हा मालकाचा निष्काळजीपणाच असतो असे नाही. पुष्कळदा तो हवामानाचा आणि रसायनाचा गुण असतो. मात्र ती फुगल्यावर दाबून बसविणे, टोचणे किंवा उशाखाली ठेवून भरणे हा निष्काळजीपणा खरा. त्याने आग लागते. ती तत्काळ बदलावी.

तिसरी गोष्ट काचेची. आरंभीच्या स्वस्त फोनांत काचेखाली दोन पातळ पदर असत आणि त्यांत किंचित अंतर असे. दाबले की पदर एकमेकांस चिकटत आणि कोठे चिकटले ते यंत्रास कळे. तेथे नखाने दाबावे लागे. पुढे दुसऱ्या जातीची काच आली. तिच्यावर विजेचा अगदी सौम्य भार पसरलेला असतो. माणसाचे शरीर विजेचे वाहक आहे; बोट टेकले की त्या ठिकाणचा थोडा भार बोटाकडे ओढला जातो आणि यंत्राला जागा कळते. ही युक्ती सुंदर आहे, यात संशय नाही. पण ती मऊ, स्वच्छ बोटासाठी योजलेली आहे. पोती वाहून, खुरपे धरून ज्या बोटावर घट्टा पडला आहे, ज्यावर सोयाबीनच्या धुळीचा थर आहे, त्या कोरड्या, जाड कातडीतून वीज सहज जात नाही. उलट, घामाचा थेंब काचेवर पडला की यंत्र त्यालाच बोट समजते आणि भलतीकडेच उघडते. मोंढ्यातील हमाल तीन-तीनदा बोट टेकवितो आणि बाजूचा शिकलेला पोरगा हसतो. हसण्यापूर्वी त्या पोराने एवढे जाणावे की त्या काचेने हमालाचा हात कधी पाहिलेलाच नव्हता.

चौथे दुखणे 'हँग' होण्याचे. हे मी मोंढ्याच्या भाषेत सांगतो. आडत दुकानास दोन जागा असतात. एक मागचे गोदाम, दुसरा पुढचा ओटा. माल गोदामात राहतो. पण पोते सोडून पाहावयाचे, मापावयाचे ते ओट्यावर. फोनमध्येही तसेच आहे. तुमची छायाचित्रे, गाणी, कार्यक्रम राहतात ते गोदाम. आणि चालू काम ज्यावर उलगडले जाते तो ओटा, ज्याला रॅम म्हणतात. गोदाम कितीही मोठे असो, ओटा चार पोत्यांचा असेल तर पाचवे पोते आणण्यापूर्वी एक उचलून मागे न्यावे लागणार. हमाल सारखा आत-बाहेर करीत राहणार आणि गिऱ्हाईक खोळंबणार. फोन 'हँग' होतो तो बहुधा असाच. त्यात हमाल आळशी नसतो आणि गिऱ्हाईकही मूर्ख नसते. ओटा लहान असतो.

त्या स्वस्त फोनांचे गोदामही नावाचेच असे. डबीवर चार जीबी छापलेले, पण त्यातील बरीच जागा कंपनीच्या स्वतःच्या सामानाने आधीच व्यापलेली. उरलेल्या जागेत सकाळच्या शुभेच्छांची फुले, देवांची चित्रे आणि वाढदिवसाचे केक येऊन पडत. शेवटी 'जागा शिल्लक नाही' अशी पाटी लागे आणि मग नातवाचे छायाचित्र पुसावयाचे की बाजारभावाचा कार्यक्रम काढावयाचा, असा प्रश्न उभा राही.

पाचवी अडचण आपल्या भाषेची, आणि मला ती सर्वांत जिव्हाळ्याची वाटते. त्या फोनांवर मराठी संदेश आला की पुष्कळदा अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसत. काहींत अक्षरे दिसत, पण मोडलेली. जगातील लिप्यांना संगणकात एकसारखे क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धती १९९१ साली निघाली आणि तीत देवनागरी पहिल्यापासून होती. मग फोनला ती का येऊ नये? कारण देवनागरी नुसत्या अक्षरांच्या रांगेने लिहिली जात नाही. 'कि' लिहिताना यंत्र 'क' आधी साठविते आणि वेलांटी मागून. पण दाखविताना वेलांटी आधी काढावी लागते. 'स्त्री' या एका अक्षरात तीन व्यंजने एकमेकांच्या अंगावर चढलेली असतात. ही जुळणी करणारा वेगळा कारागीर फोनच्या आत असावा लागतो. आरंभीच्या अँड्रॉइडमध्ये तो नव्हता, किंवा असून अर्धशिक्षित होता. इंग्रजीस त्याची गरज नव्हती, म्हणून कोणाला घाई नव्हती.

परिणाम असा झाला की माणसे मराठी रोमन अक्षरांत लिहू लागली. रोमन लिपीत 'गाडी' आणि 'गादी' सारखीच दिसते. 'काल' आणि 'काळ', 'बाल' आणि 'बाळ' यांत भेद राहत नाही. 'गाडी आली' हा निरोप कोणी 'गादी आली' असा वाचला, तर मोंढ्यात त्याचा अर्थ निराळाच होतो. शेवटी २०१६ साली भारतीय मानक ब्युरोचे मानक निघाले. त्यात प्रत्येक फोनवर बावीस भारतीय भाषा वाचता याव्यात आणि इंग्रजी व हिंदीखेरीज आणखी एका भारतीय भाषेत लिहिता यावे, असे ठरले. म्हणजे आपल्या लिपीला कायद्याचे दार ठोठवावे लागले, तेव्हा जागा मिळाली.

सहावे दुखणे जाळ्याचे. टॉवरची शक्ती ही गावच्या एका नळासारखी असते. घागरी वाढल्या की धार बारीक होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून ज्या लातूरने दिवस काढले, त्या लातूरच्या माणसाला ही उपमा फोडून सांगावयास नको. पडद्यावर इंग्रजी 'ई' हे अक्षर दिसले की समजावे, धार थेंबाथेंबाची आहे. त्यातच एक जीबी इंटरनेटला सुमारे अडीचशे रुपये पडत. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ ही सेवा सुरू झाली आणि दर एकदम खाली आले. लोकांना आनंद झाला. पण ती सेवा केवळ फोर-जी फोनवर चालणारी होती. दोन-तीन वर्षांपूर्वी पोटाला चिमटा घेऊन घेतलेला फोन त्या स्वस्ताईच्या दारातही उभा राहू शकला नाही.

आणि येथेच या यंत्राचा एक विचित्र धर्म ध्यानात येतो. विळा बोथट झाला तर धार लावता येते. शिलाईचे यंत्र आजीकडून नातीकडे जाते. हा फोन मात्र न मोडताही निकामी होतो. १ फेब्रुवारी २०२० पासून व्हॉट्सॲप हा कार्यक्रम अँड्रॉइडच्या २.३.७ आणि त्याहून जुन्या आवृत्त्यांवर चालेनासा झाला. फोन धडधाकट, बॅटरी शाबूत, पण त्यास कामावर घ्यावयास कोणी तयार नाही. आमच्या कामगारांच्या भाषेत याला सक्तीची निवृत्ती म्हणतात. फरक इतकाच की येथे निवृत्ती यंत्राची होते आणि भुर्दंड मालकाला पडतो.

एवढ्यावर कोणी म्हणेल की, "तुम्ही फोनचे शत्रू दिसता." तसे नाही. ऊसतोडीला गेलेल्या बापाचा आवाज घरी राहिलेल्या लेकीला रोज ऐकावयास मिळतो. मजुरी खात्यात जमा झाली की नाही हे तालुक्याला खेटा न घालता कळते. सभेचा निरोप घटकेत वीस गावांत पोचतो. या सुखांचे मोल आम्ही जाणतो. कामगार यंत्राचा वैरी नाही. त्याचे म्हणणे एवढेच की, यंत्र ज्याच्या कामासाठी आहे त्याने त्याचा खर्च सोसावा आणि ज्याच्या हातात आहे त्याला ते चालविता येईल असे असावे.

हौसेने घेतलेल्या फोनचे दुखणे घरापुरते राहते. तोच फोन कामाचे हत्यार झाला की ते दुखणे पोटावर येते. याचे ठळक उदाहरण आपल्याच राज्यात घडले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली. तीतून अंगणवाड्या उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. मुलांचे वजन, उंची, आहार, लसीकरण यांच्या नोंदी सेविका जाडजूड वह्यांत करीत. ८ मार्च २०१८ रोजी पोषण अभियान सुरू झाल्यानंतर या नोंदी फोनवर करावयाचे ठरले आणि सेविकांना शासकीय फोन देण्यात आले. अनेक ताईंच्या आयुष्यातील तो पहिला स्मार्टफोन होता. १ मार्च २०२१ रोजी 'पोषण ट्रॅकर' हा नवा कार्यक्रम आला.

मग तक्रारी सुरू झाल्या. दोन जीबी ओट्यात कार्यक्रम मावत नाही. फोन तापतो, अडतो. नोंदी इंग्रजीत कराव्या लागतात. दुरुस्तीचा खर्च आमच्याच माथी येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी हे फोन शासनाला परत करण्याचे आंदोलन केले. आताच सांगितलेली दुखणी आठवा आणि त्या तक्रारींशी ताडून पाहा. लहान ओटा, उष्णता, लिपी, टॉवर – एकही तक्रार कल्पनेची नव्हती. तरीही त्या काळात "बाई, तुम्हाला वापरता येत नाही" हे वाक्य कितीतरी ताईंच्या कानी पडले. सहावी-सातवीपर्यंत शिकून पोरांना अक्षर ओळखावयास लावणारी, कुपोषित बाळ नजरेने हेरणारी बाई. तिला एका डबीवरून अडाणी ठरविले गेले. पैशाच्या भुर्दंडाहून हे दुःख मोठे होते.

याला कायद्याची बाजू आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने असे तत्त्व घालून दिले की, कामगाराच्या हाती सोपविलेल्या वस्तूचे नुकसान झाले तर ते त्याच्याच हयगयीमुळे प्रत्यक्ष घडले असल्याखेरीज त्याच्या वेतनातून कापता येणार नाही, आणि कापण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. २०१९ च्या वेतन संहितेतही हे तत्त्व राहिले. परंतु सेविकेला मिळते ते वेतन नव्हे, 'मानधन'. शब्दात मान आहे, पण वेतनाच्या संरक्षणाचा प्रश्न निघाला की हाच शब्द आडवा येतो. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळाली पाहिजे असा निर्णय दिला, तेव्हा या भिंतीला एक खिडकी पडली. २० फेब्रुवारी २०२३ पासून राज्यात संप झाला. त्या मागण्यांत मानधनवाढीच्या जोडीला नवा मोबाईल ही मागणी होती. त्यानंतर मार्चच्या अर्थसंकल्पात सेविकांचे मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये करण्याचे जाहीर झाले. चांगल्या फोनची मागणी संपाच्या यादीत जावी, हे पूर्वीच्या पिढीतील गिरणीकामगाराला कदाचित नवल वाटले असते. पण चात्याची, मागाची, सुताच्या प्रतीची तक्रार तोही करीतच होता. वाईट सूत देऊन चांगले कापड मागणाऱ्या मालकाशी तो जे भांडण भांडला, तेच हे भांडण आहे.

तेव्हा कामासाठी फोन हाती घेणाऱ्या प्रत्येकाला, मग तो सेविकेच्या हाती येवो, आशाताईच्या हाती येवो की घरपोच माल नेणाऱ्या पोराच्या हाती येवो, माझे सांगणे असे की पाच प्रश्न आधी विचारावेत. ओटा आणि गोदाम या कामाला पुरेसे आहेत काय? बॅटरी बदलून मिळेल काय, आणि कोणाच्या पैशाने? कामाचा कार्यक्रम मराठीत आहे काय? जाळे नसलेल्या वस्तीत नोंद साठवून ठेवून नंतर पाठविता येते काय? आणि हा फोन किती वर्षे चालेल असे देणाऱ्याने लिहून दिले आहे? फोन घेताना व परत करताना पावती घ्यावी. तो अडला त्या दिवशीची तारीख आणि काय घडले ते वहीत टिपून ठेवावे. 'फोन खराब आहे' या वाक्याला कचेरीत कोणी दाद देत नाही. 'अमुक तारखेस ओटा भरल्याने नोंद तीनदा गेली' या वाक्याला उत्तर द्यावे लागते.

ज्ञान हे शहाण्यांच्या मिरवणुकीसाठी नसून दुबळ्याच्या संरक्षणासाठी आहे, अशी माझी समजूत आहे. बॅटरी का फुगते हे ज्या ताईला ठाऊक आहे, तिच्या मानधनातून त्या बॅटरीचे पैसे कापणे सोपे नाही. यंत्र रोज नवे येईल. आजची दुखणी जातील आणि दुसरी येतील. ते येईल तेव्हा दबून जाऊ नये आणि त्याला शिव्याही देऊ नयेत. ते उघडून पाहावे, समजून घ्यावे, आणि दोष हाताचा की हत्याराचा, हे स्वतःच्या तोंडाने ठामपणे सांगावे.